कागदाची फियाट

एखादी गाडी खरोखर समजून घ्यायची असेल तर ती कागदाची करून बघावी, असं माझं मत होत चाललंय. गेले दोन महिने दर रविवारी माझा हाच उद्योग चालू आहे. गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरी तिला शेवटपर्यंत सगळे 'फियाट'च म्हणायचे, त्यामुळे मीही तेच म्हणणार.

प्रमाण १:२० घेतलंय. खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे माझ्या गाडीत ११.७ सेंटिमीटर. साहित्य साधंच. जाड कार्डशीट, कटर, फेव्हिकॉल आणि घडीची रेघ पाडायला रिफिल संपलेलं बॉलपेन.

कागदाचा एक स्वभाव असतो. तो एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पण वाटी काही केल्या होत नाही. आणि फियाटचं बॉनेट तर दोन्ही बाजूंनी फुगलेलं! मग तिथे बारीक पट्ट्या कापून एकमेकींना चिकटवत जावं लागतं. खऱ्या कारखान्यात हेच काम डाय करते. पोलादी साच्यात पत्रा दाबून, ताणून तो हवा तसा फुगवतात. या डाय बनवणं हा मोटारधंद्यातला फार मोठा खर्च. एकदा त्या केल्या की जितक्या जास्त गाड्या काढाल तितक्या त्या स्वस्त पडणार.

हे हाताने करताना कळलं, आणि मग फियाटचा सगळा इतिहास वेगळाच दिसायला लागला.

मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकन क्रायसलरच्या सहकार्याने. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंदशेठ १९५३ साली गेले. त्याच वर्षी इटलीत फियाट ११०० ची नवी पिढी आली. तिला वेगळी चासी नव्हती, सगळा भार बॉडीच उचलायची. (कागदातही अगदी तसंच होतं. नुसतं कवच लटपटतं, पण खालचा तळ आणि इंजिनमागचा पडदा चिकटवला की ते एकदम ताठ होतं. मला फार गंमत वाटली.)

१९६४ पासून आपल्याकडे या गाडीची ११०० डिलाइट बनू लागली. सत्तरच्या दशकात ती आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. इटलीत ही ११०० मालिका १९६९ मध्येच संपली होती. कुर्ल्यात मात्र २००० च्या सुमारापर्यंत गाड्या निघत राहिल्या. म्हणजे पस्तीसएक वर्षं! मधल्या काळात जाळी बदलली, दिवे बदलले, बंपर बदलले, डॅशबोर्ड बदलला. बाहेरचा आकार जवळजवळ तोच राहिला. त्यामुळे माझा एकच कागदी आराखडा १९६४ च्या डिलाइटलाही चालतो आणि नव्वदच्या पद्मिनीलाही. नाकाचा तेवढा एक तुकडा बदलायचा.

असं का झालं? तो काळ परवान्यांचा. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार आणि बाहेरून यंत्रं आणायला परकीय चलन नाही. गिऱ्हाईक पैसे भरून, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेलं. मग नव्या डायवर खर्च करायचा कशाला? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हा हिशेब फिस्कटला.

इथे मी जरा अडखळतो. आपण फियाटवर एवढं प्रेम केलं ते ती चांगली होती म्हणून, की दुसरं काही मिळतच नव्हतं म्हणून? माझ्या काकांनी नंबर लावला तेव्हा खरी निवड होती ती अँबेसेडर की फियाट एवढीच. त्याला निवड तरी कसं म्हणायचं?

पण याला दुसरी बाजूही आहे. गाडी बदलली नाही म्हणून ती सगळ्यांना पाठ झाली. गल्लीतल्या मेकॅनिकला तिचा नटबोल्ट माहीत. सुटा भाग कुठेही मिळणार. स्टिअरिंगजवळचा गिअर आणि पुढचं सलग बाकडं, त्यावर तिघं सहज मावायचे. मुंबईतले टॅक्सीवाले तिच्यावर संसार चालवू शकले ते याच पाठांतरामुळे. सक्तीने जमलेल्या लग्नातही पस्तीस वर्षांत काहीतरी जुळतंच की :) निवड नव्हती हे खरं, आणि जीव लागला हेही तितकंच खरं. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही, असं मला आता वाटतं.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून गेल्या. आता हौशी लोकांनी जपलेल्या काही तेवढ्या दिसतात. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने टेबलावरचं कवच पाहून "ही कुठल्या सिनेमातली गाडी?" असं विचारलं.

नाक अजून चिकटवायचं आहे. काकांची गाडी करायची तर फिकट निळी, डिलाइटच्या जाळीची. पण बहुतेक मी टॅक्सीच करीन. खाली काळा कागद आणि वर पिवळं छत. जोड छताच्या पन्हळीखाली लपतो, आणि भाचीला मीटरही दाखवता येईल.