आज काम कोणाला? गिरणीच्या दरवाजापासून पापडीच्या मोबाइलपर्यंत

१/
वसई रोड स्थानकातून वसई गावाकडे जाताना वाटेत पापडी लागते. तलाव, चर्च, बाजार आणि आता चहूबाजूंनी वाढलेल्या इमारती. येथील तरुणांच्या मोबाइलवर अलीकडे एक नव्या प्रकारचे काम येते: दुकानांतील फळ्यांवर माल लावण्याचे. काम नवे आहे. त्यामागची तक्रार मात्र जुनी आहे. आज काम कोणाला मिळणार, हे कोण ठरवते? आणि केलेल्या कामाचा पैसा नाकारला गेला, तर दाद कोणाकडे मागायची? या दोन प्रश्नांना मुंबईत दीडशे वर्षांचा इतिहास आहे. (थ्रेड)

२/
आधी काम समजून घेऊ. साबण, बिस्किटे, शाम्पू बनवणाऱ्या कंपन्यांना आपला माल मोठ्या दुकानात नजरेच्या उंचीवर, नीट रचलेला हवा असतो. मुदत संपलेला माल काढणे, किमतीच्या चिठ्ठ्या लावणे, जाहिरातीचा स्टँड उभा करणे ही कामे पूर्वी कंपनीचा किंवा वितरकाचा पगारी माणूस करी. आता ती तुकड्या-तुकड्यांनी ॲपवर येतात. दुकानाचा पत्ता, वेळ आणि रक्कम दिसते. स्वीकारायचे, जायचे, काम करायचे, फोटो काढून पाठवायचे.

३/
अडचण या सरळ दिसणाऱ्या साखळीच्या प्रत्येक कडीत आहे. काम दिसते आणि क्षणात दुसऱ्याकडे जाते; का गेले, ते कळत नाही. प्रवासाचे भाडे आणि वेळ रकमेत धरलेला नसतो. दुकानात पोहोचल्यावर मालच आलेला नसतो, किंवा व्यवस्थापक हात लावू देत नाही. सारे पार पडले, तरी 'फोटो नामंजूर' असा एक शब्द येतो आणि दिवसाचा मोबदला बुडतो. नामंजूर कोणी केला, याचे उत्तर देणारा माणूस समोर नसतो.

४/
आता थोडे मागे जाऊ. वसई तालुक्याचे मुंबईशी नाते रेल्वेइतके जुने आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी. तोवर मुंबईत कापड गिरण्यांचे युग सुरू झाले होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. रोज सकाळी 'आज काम आहे का?' असे विचारणाऱ्या माणसांचा नवा वर्ग या गिरण्यांनी घडवला.

५/
या वर्गाचे नाव होते 'बदली'. गिरणीत रोज काही कायम कामगार गैरहजर असत: कोणी आजारी, कोणी पेरणीसाठी गावी गेलेले. त्यांच्या जागी उभे राहण्यासाठी पहाटे भोंग्याच्या आधी दरवाजापाशी गर्दी जमे. गर्दीतून काहींना आत बोलावले जाई. उरलेले रिकाम्या हाताने चाळीत परतत. थांबण्याचे, येण्या-जाण्याचे मोल शून्य. गिरणीला हाताशी माणसे हवी होती. ती हाताशी ठेवण्याचा खर्च मात्र त्या माणसांनीच सोसायचा होता.

६/
आत कोणाला घ्यायचे, हे जॉबर ठरवी. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. भरती त्याच्या हाती, रजा त्याच्या हाती, कामावरून काढणेही बव्हंशी त्याच्याच हाती. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे असे. काम मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी 'दस्तुरी' द्यावी लागे. कित्येक जॉबर व्याजाने पैसे देत, खोली मिळवून देत. त्यामुळे जॉबरची मर्जी गेली की रोजगार, कर्ज आणि छप्पर हे तिन्ही एकदम डळमळीत होई.

७/
तरीही चित्र एकरंगी नव्हते. जॉबर बहुधा कामगारांच्याच गावचा, नात्याचा किंवा वस्तीतला असे. माणसे पुरवता आली नाहीत, तर त्याचेही स्थान धोक्यात येई. म्हणून त्याला गावकी सांभाळावी लागे, अडल्यानडल्याला उभे राहावे लागे, आणि संपाच्या वेळी कोणत्या बाजूला जायचे याचा हिशेब करावा लागे. तो जुलमी असला तरी ओळखीचा होता. त्याच्या दारात जाऊन भांडता येत असे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

८/
दुसरा प्रश्न पैशाचा. गिरणीत पगार महिन्याने आणि तोही पुढल्या महिन्यात बराच उशिरा होई. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे. पण त्यात आणखी एक मागणी होती: महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

९/
विणकराची स्थिती याहून बिकट होती, कारण त्याला मजुरी कामावर मिळे: जितके कापड, तितका पैसा. पण कापड किती निघेल, हे केवळ त्याच्या हातात नव्हते. सूत निकृष्ट आले की धागे तुटत, माग थांबे आणि मजुरी घटे. चूक सूतखात्याची, तोटा विणकराचा. शिवाय कापडात दोष ठरला, तर ते कापड त्याच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची रीत होती. दोष आहे की नाही, हे ठरवणारा गिरणीचाच माणूस.

१०/
'माल आलेला नव्हता' आणि 'फोटो नामंजूर' या आजच्या दोन तक्रारी निकृष्ट सूत आणि खराब कापड या जुन्या तक्रारींच्या थेट वंशातल्या आहेत. दोन्ही काळांत सूत्र एकच: कामाचे साहित्य आणि परिस्थिती दुसऱ्याच्या ताब्यात, जोखीम मात्र करणाऱ्याची. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेला सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीपुढे मजुरीच्या दरांसोबत दंडाचा प्रश्नही आला.

११/
या लढ्यांचे काही फळ १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात दिसते. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात वेतनाचा काळ संपल्यापासून ७ दिवसांत, इतरत्र १० दिवसांत पगार द्यावा, असे त्याने बंधन घातले. दंडाला मर्यादा आली. सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच होती. नुकसानीपोटी पैसे कापायचे असतील, तर ते कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. 'नामंजूर' या शब्दाला 'का?' असे विचारण्याचा हक्क तो हाच.

१२/
भरतीच्या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने वेधले. ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की, कामगार घेणे आणि काढणे यांतून जॉबरला दूर करावे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक जणांना बदली-कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या.

१३/
कार्डामुळे मर्जीच्या जागी नोंद आली, हे मोठे पाऊल होते. पण थांबण्याचे मोल कार्डातही नव्हते. शिवाय तात्पुरती असलेली ही पायरी अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षांचे आयुष्य बनली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हाही बदली कामगारांना कायम करा ही मागणी यादीत होतीच. कार्ड येऊन जवळपास अर्धे शतक लोटले होते.

१४/
थांबण्याला मोल असते, हे तत्त्व प्रथम गोदीत रुजले. जहाज येईल तेव्हा काम, नाही तर उपास, ही गोदी कामगाराची जगभरची कथा. ब्रिटनमध्ये १९४७ साली राष्ट्रीय गोदी कामगार योजना लागू झाली. भारतात १९४८ चा गोदी कामगार कायदा आला आणि त्याखाली मुंबईत मंडळ उभे राहिले. कामगारांची नोंदवही, पाळीपाळीने कामवाटप, हजेरी लावूनही काम न मिळाल्यास भत्ता आणि महिन्यातील ठरावीक दिवसांच्या किमान वेतनाची हमी, हे त्याचे चार खांब.

१५/
बाजारपेठेतील हमालांचे दुखणे आणखी गुंतागुंतीचे होते. आज या पेढीची पोती, उद्या त्या वखारीचे लोखंड. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे, टोळीचा आहे. टोळीवाला म्हणे, मी केवळ माणसे आणतो. मालक अनेक, म्हणून मालक कोणीच नाही. माथ्यावर ओझे वाहणाऱ्या या माथाडींना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले. त्या चळवळीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

१६/
या कायद्याची युक्ती साधी होती. खरा मालक कोण, या वादात तो अडकला नाही. सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ त्याने मध्ये उभे केले. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि तीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय करायची. काम तुकड्यांचे राहिले, पण कामगाराचे आयुष्य तुकड्यांचे राहिले नाही.

१७/
१९८१ मध्ये हाच साचा महाराष्ट्राने खासगी सुरक्षारक्षकांना लावला. म्हणजे तो केवळ ओझ्यापुरता नव्हता. त्यात दोषही होते. नोंदवही आतल्यांना सांभाळते आणि बाहेरच्यांसाठी दार लावून घेते. माथाडींच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या बोगस संघटनांच्या तक्रारी व्यापारी आणि खरे माथाडी दोघेही करत आले. गोदीत कंटेनर आले आणि नोंदलेली माणसेच अतिरिक्त ठरली. या व्यवस्थेचा गौरव करताना हेही सांगितले पाहिजे.

१८/
आता पुन्हा पापडी. ॲप हा नवा जॉबर आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तुलना अर्धीच खरी ठरते. कामवाटपाची सत्ता तीच आहे आणि ती तितकीच गुप्त आहे. मात्र जॉबरला गाव होते, चेहरा होता, लोकलाज होती. ॲपला यांपैकी काही नाही. दुसरीकडे जॉबरच्या मर्जीची नोंद कुठेच होत नसे. ॲपमध्ये कोणाला काम दाखवले, कोणाला नाकारले, कोणाचा फोटो कधी फेटाळला, हे सारे नोंदलेले असते. नोंदवही अस्तित्वात आहे. कामगाराला ती उघडून पाहता येत नाही, इतकेच.

१९/
आणि माथाडींचा जुना पेचही परत आला आहे. माल एका कंपनीचा, दुकान दुसऱ्याचे, ॲप तिसऱ्याचे. फळी लावणारा कोणाचाच नोकर नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हा शब्द केंद्रीय कायद्यात प्रथम आणला आणि ॲप-कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान घेण्याची तरतूद केली. राजस्थानने २०२३ मध्ये नोंदणी, मंडळ आणि शुल्क यांचा कायदा केला. त्याची ठेवण माथाडी मंडळाशी बरीच मिळती आहे. २०२५ च्या कर्नाटकच्या कायद्याने काम बंद करण्याआधी १४ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक केली.

२०/
हे कायदे प्रामुख्याने कल्याणनिधीचे आहेत. जुन्या मुंबईचा अनुभव सांगतो की निधी हा प्रश्नाचा एक भाग आहे. १८८४ च्या निवेदनापासून १९६९ च्या मंडळापर्यंत कामगारांनी चार गोष्टी मागितल्या: पैसा वेळेवर, कपातीआधी कारण, कामाची पाळी उघड आणि थांबण्याला मोल. यांतील एकही गोष्ट चांगला जॉबर मिळाल्याने साध्य झाली नाही. वाटपाची वही जॉबरच्या खिशातून निघून सर्वांना दिसेल अशा मेजावर आली, तेव्हाच त्या साध्य झाल्या.

२१/
मुंबईला ती वही मेजावर आणण्यासाठी पहिली गिरणी सुरू झाल्यापासून शंभराहून अधिक वर्षे लागली. वही आणणारे बहुतेक जण कधीकाळी दरवाजाबाहेरच्या गर्दीत उभे राहिलेले होते. आजची गर्दी डोळ्यांना दिसत नाही. ती पापडीत, नालासोपाऱ्यात, विरारमध्ये, प्रत्येकाच्या हातातल्या वेगळ्या पडद्यासमोर उभी आहे, आणि शेजारच्यालाही आज काम मिळाले नाही, हे तिला ठाऊक नाही. लोखंड्यांना सह्या घेण्यासाठी सभा भरवता आली, कारण माणसे एकमेकांना दिसत होती. या गर्दीची पहिली सभा कुठे भरेल, हे अजून लिहायचे आहे.

#इतिहास #कामगारइतिहास #वसई #मुंबई