एमडीएक्स उंदीर : अन्नमार्गाची हालचाल

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायुरोगाच्या अभ्यासासाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्राणी म्हणजे एमडीएक्स उंदीर. या उत्परिवर्तित उंदरांचे वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. स्नायूंना आधार देणाऱ्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाच्या जनुकात, त्यातील २३व्या एक्सॉनमध्ये (प्रथिनाची माहिती असलेल्या भागात) त्यांच्यात दोष असतो. संशोधकांचे लक्ष दीर्घकाळ पाय, श्वासपटल आणि हृदयावर खिळून राहिले. पोट तसे उपेक्षितच.

वास्तविक डिस्ट्रोफिन जठर व आतड्यांच्या अरेखित स्नायूंतही असते. आतड्याचा क्रमसंकोच म्हणजे आळीपाळीने होणारे आकुंचन आणि शिथिलीकरण. शिथिल होण्याचा संदेश मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड देते. एमडीएक्स उंदरांत नेमका हाच संदेश क्षीण होतो. परिणामी आतड्याचा ताण वाढतो, लय बिघडते आणि अन्न संथपणे पुढे सरकते. बृहदांत्राच्या तुकड्याला बाहेरून नायट्रिक ऑक्साइड पुरवल्यावर लय बरीचशी पूर्ववत झाल्याचे प्रयोगांत दिसले.

हा रोग झालेल्या माणसांतील चित्र याच्याशी जुळते : जठर उशिरा रिकामे होणे, हट्टी बद्धकोष्ठता, क्वचित जठर अचानक फुगून जिवावर बेतणे. मात्र या उंदराचा आजार रोगग्रस्त मुलांच्या आजाराच्या मानाने सौम्य असतो. त्यामुळे त्याच्यावर गुणकारी ठरलेले औषध मुलांनाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.