लाल नट आणि पांढरा धातू

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकांचा इतिहास बहुधा कारखान्याच्या दारातून लिहिला जातो. कॅनडाने युद्धकाळात सुमारे ८ लाख लष्करी वाहने बांधली. त्यांपैकी निम्मी ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ची, म्हणजे फोर्ड आणि शेवरोले यांनी एका आराखड्यावर केलेली होती. हे आकडे सहज मिळतात. पण गाडी कारखान्याबाहेर पडल्यावर तिला चालती कोणी ठेवली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या ट्रकाचे नाक बसके होते. लांबी कमी म्हणजे जहाजात जागा कमी. पण त्यामुळे इंजिन अर्धे केबिनमध्ये शिरले; चालकाला उष्मा आणि मिस्त्रीला अडचण. शिवाय बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिने वेगळी. फोर्डचे आठ सिलिंडरांचे, ९५ अश्वशक्तीचे. जळका वायू ब्लॉकमधून बाहेर पडत असल्याने पाणी लवकर तापे. शेवरोलेचे सहा सिलिंडरांचे, ८५ अश्वशक्तीचे. एकाचा भाग दुसऱ्याला चालत नसे.

शेवरोलेची खरी परीक्षा चेंबर उतरवल्यावर होई. तिच्या कनेक्टिंग रॉडला बदलता येणारी बेरिंगे नव्हतीच. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेला असे. रॉडच्या टोकाला लहान पळी. ती फिरताना तेल उचलून घेई. तेलाची पातळी उतरली की हा धातू सुमारे २४० अंशांना वितळू लागे. तो मऊ ठेवलेला होता तो क्रँकशाफ्ट वाचावा म्हणून. झीज थोडी असेल तर कॅपखालचे पातळ शिम काढून फट कमी करत. जास्त असेल तर जुना धातू वितळवून नवा ओतायचा, निळा रंग लावून कुठे टेकते ते पाहायचे आणि स्क्रेपरने थोडे थोडे खरवडायचे. किती खरवडायचे हे हाताला कळावे लागे. घट्ट राहिले तर बेरिंग जळे, सैल राहिले तर रॉड वाजे.

काही चुकांना दुरुस्ती नव्हती. अनेक लष्करी चाकांची रिंग दोन भागांची, नटांनी जोडलेली असे. हवा भरलेली असताना ते नट सोडले तर रिंगचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडून माणूस मारी. म्हणून त्या नटांना लाल रंग देत. गाडीवर पुन्हा रंग चढला की ही सूचना पुसली जाई.

आपल्याकडे या गाड्यांचा संबंध थेट येतो. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता आणि युद्धकाळात तिथे लष्करी गाड्याही जुळवल्या गेल्या. लष्करी दुरुस्तीसाठी १९४३ मध्ये ‘इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ हे स्वतंत्र दल उभे राहिले, आजच्या ई.एम.ई.चे ते मूळ. युद्ध संपल्यावर नको असलेल्या गाड्या ‘डिस्पोजल’मध्ये निघाल्या आणि माल वाहू लागल्या. पुढे, केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारी धोरणात जागा उरली नाही आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने इथले काम थांबवले. गाडी राहिली, तिच्या मागचा कारखाना गेला. त्यानंतर ती चालली असेल, तर ती धातू ओतणाऱ्या आणि लेथवर भाग घडवणाऱ्या माणसांच्या जिवावर. त्यांनी पुस्तिका लिहिल्या नाहीत. म्हणून इतिहासात ते दिसत नाहीत.

आज अशी गाडी मिळाली की आपण तिला रंग देतो आणि चौथऱ्यावर उभी करतो. रंग द्यायला हरकत नाही. पण बेरिंग ओतता येणारा एखादा हात अजून शिल्लक असेल, तर आधी त्याच्याजवळ बसून ते काम पाहावे, लिहून घ्यावे. आणि रंगाऱ्याला सांगावे, रिंगचे नट लालच ठेव.