अंधारातली भाजी

ऑनसाइटला ब्रसेल्सला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमध्ये एक चमत्कारिक भाजी दिसली. हाताच्या तळव्याएवढे पांढरेशुभ्र, घट्ट मिटलेले कोंब, टोकाला जरासा पिवळा रंग. नाव 'विटलोफ', म्हणजे फ्लेमिशमध्ये 'पांढरं पान'. चव कडसर. मेथी-कारली खाऊन वाढलेल्या माणसाला त्याचं काय एवढं! पण ही चिकोरी आहे हे कळल्यावर मात्र मी चाटच पडलो. चिकोरी म्हणजे आपल्या फिल्टर कॉफीत मिसळतात ती पावडर, एवढंच माझं ज्ञान.

तर वनस्पती एकच, जाती वेगळ्या. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी मिळेनाशी झाली, आणि चिकोरीची मुळं भाजून दळण्याच्या धंद्याला जोर आला. ब्रसेल्सच्या आसपासचे शेतकरीही ही मुळं पिकवत होते.

पुढची गोष्ट तिथे सगळे रंगवून सांगतात. ऑगस्ट १८३० मध्ये ब्रसेल्सला एका ऑपेराच्या प्रयोगानंतर दंगल उसळली आणि त्यातून बेल्जियम स्वतंत्र झाला. त्या धामधुमीत स्कारबेकचा यान लामर्स नावाचा शेतकरी तळघरात मुळं मातीखाली ठेवून निघून गेला. काही महिन्यांनी परत येऊन बघतो तो काय, मुळांना पांढरी पानं फुटलेली!

दुसरी गोष्ट ब्रेझिए या माळ्याची. हा तिथल्या बोटॅनिकल गार्डनचा मुख्य माळी. त्याने बागेच्या तळघरात वर्षानुवर्षं प्रयोग करून घट्ट कोंब तयार केला म्हणतात.

मला विचाराल तर माझं मत ब्रेझिएला. कारण साधं आहे. अंधारात चिकोरीला फिकट पानं फुटतात हे पॅरिसच्या माळ्यांना आधीपासून माहीत होतं, पण ती पानं सुटी, दाढीसारखी लोंबणारी. अंधार कुणाच्याही तळघरात असतो. पानं घट्ट मिटायची तर योग्य मूळ निवडावं लागतं, परत परत. हे काम एका रात्रीत होत नाही. पण लोकांच्या लक्षात राहतो तो क्रांतीत पळालेला शेतकरी. आमच्या प्रोजेक्टमध्येही असंच होतं, डेमो देणारा सगळ्यांना आठवतो, टेस्टिंग करणारा कुणालाच नाही :-)

नोव्हेंबरात शेजारच्या आजींनी मला त्यांच्या मळ्यातली बारा मुळं दिली. कृती सोपी. उन्हाळ्याच्या तोंडाला पेरायचं, थंडी पडू लागली की मुळं उपटायची, पानं मुळाच्या डोक्यावर दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापायची. मग बादलीत ओलसर वाळू, त्यात मुळं उभी, वर दुसरी बादली पालथी. पंधराएक अंश तापमान, तीन-चार आठवडे. "मध्ये उघडून बघायचं नाही," आजींनी बजावलं.

मी सहा मुळं लावली आणि रोज ऑफिसमधून आल्यावर दिवा लावून बघितलं. व्हायचं तेच झालं. पानं हिरवी, पसरलेली आणि खरोखरच कडूजहर. मूळ स्वतःच्या साठ्यावर कोंब काढतं; उजेड मिळाला की पान हिरवं होतं आणि कडूपणा वाढतो.

त्या दिवशी मला घरचा घट आठवला. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उगवलेलं ते पिवळं धान्य. आम्ही पोरं सारखं डोकवायचो आणि आजी हाकलायची. "बघून काय लवकर उगवणारे का?" ती गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात मी रोज फोन करून "आज कसं वाटतंय?" विचारायचो. बरं वाटावं म्हणून नव्हे, मला धीर धरवत नव्हता म्हणून.

उरलेली सहा मुळं लावली आणि बादलीवर तारीख चिकटवली. चार आठवडे हात लावला नाही. उघडलं तेव्हा सहापैकी चार कोंब घट्ट, पांढरे. दोन आजींना दिले, दोन मोहरी-हिंगाची फोडणी देऊन परतले.

आता पुण्यात सकाळी कॉफीच्या पाकिटावर 'चिकोरी' वाचतो. बहुतेक गुजरात किंवा उत्तर प्रदेशातलं मूळ असणार. त्याला कुणी अंधारात ठेवलं नाही, सरळ भाजलं. पाकीट ठेवतो आणि ऑफिसला पळतो.