हातकडीचे कुलूप

पायातली बेडी ठोकायला लोहार लागे. हातकडीला किल्ली पुरते. परंतु जुन्या इंग्रजी ‘डार्बी’ हातकडीचे माप ठरीव असे. बारीक मनगट तीतून निसटे, जाड मनगटावर ती बसतच नसे. अमेरिकेत अ‍ॅडम्स याने १८६२ साली कडीला दाते पाडून ही अडचण दूर केली. दाता खटक्यात अडकला की कडी पुढे सरके. मागे फिरत नसे. मात्र कैद्याने हिसका दिला, की ती आवळत जाऊन मनगटात रुते. १८७९ मध्ये जॉन टॉवर याने दुहेरी कुलूप काढले. खटकाच जखडल्यामुळे कडी ना सुटे, ना आवळे. १९१२ च्या कार्नीच्या पेटंटात कडी आरपार फिरू लागली. ही सोय अर्थात पोलिसाची.

हातकडी घालावीच का, हा प्रश्न कुलूपवाल्यांचा नव्हता. तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातील कच्चा कैदी प्रेमशंकर शुक्ल याने तारेने सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी सरसकट हातकडी घटनाविरोधी ठरवली. घालायचीच, तर कारण लेखी नोंदवून न्यायाधीशाची संमती घ्यावी, असे सांगितले. पुढे २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, कलम ४३ अन्वये, सराईत व काही गंभीर गुन्ह्यांतील आरोपींपुरती तिची मुभा कायद्यात लिहिली.