करार कोणी केला आणि हक्क कोणाचा गेला? हवाई सुंदरींच्या लढ्याचा धडा

विमान कंपनीत पगारवाढीचा करार झाल्याची बातमी आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, किती टक्के वाढ? त्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो. वाटाघाटीच्या टेबलावर कोण बसले होते, आणि ज्याच्या आयुष्याचा सौदा झाला तो तिथे होता का? भारतातल्या हवाई सुंदरींचा इतिहास याच प्रश्नाचा इतिहास आहे. 'त्या तर विमानातून फिरणाऱ्या, त्यांचे काय दुःख?' असे म्हणून आपल्या चळवळीनेही तो फारसा वाचलेला नाही. तो वाचायला हवा, कारण त्यातला डाव आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे.

आधी नावापासूनच सुरुवात करू. एकाच विमानात, त्याच प्रवाशांसाठी, जवळपास तेच काम करणारे दोन कर्मचारी. पुरुषाला म्हणायचे 'पर्सर', म्हणजे त्याला हुद्दा. स्त्रीला म्हणायचे 'हवाई सुंदरी', म्हणजे तिला रूप. हुद्द्याला बढती मिळते. रूपाला फक्त वय असते. सेवानियम याच समजुतीवर उभे राहिले.

१९५३ च्या कायद्याने विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर इंडिया सरकारी महामंडळ बनले. महामंडळाचा नियम असा होता : हवाई सुंदरीने वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास लग्नानंतर, किंवा पहिल्या गरोदरपणात, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हायचे. ३५ नंतर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळू शकत होती, पण ती व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. तिच्या शेजारी उभा राहून जेवणाचे ट्रे वाटणारा असिस्टंट फ्लाइट पर्सर मात्र ५८ व्या वर्षी निवृत्त होई. त्याने लग्न कधी करावे, बाप कधी व्हावे, हे नियमांनी त्याला विचारलेच नाही.

आता कोणी म्हणेल, मग संघटना काय करत होती? हे वाद लवादांपुढे गेले होते. १९६५ चा खोसला निवाडा आणि १९७२ चा महेश निवाडा हे त्याचे मोठे टप्पे. खोसला लवादाने हवाई सुंदरीच्या लवकर निवृत्तीचे समर्थन केले. कारण काय दिले? तरुण आणि आकर्षक हवाई सुंदरी अवघड प्रवाशांना अधिक चांगल्या रीतीने हाताळू शकते! प्रशिक्षण, अनुभव, आणीबाणीत माणसे वाचवण्याचे कसब यापेक्षा चेहऱ्याचे वजन जास्त ठरले. न्यायाच्या भाषेत बोलणाऱ्या लवादाने बाजाराचीच नजर उसनी घेतली.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयातले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्ग झाले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी निकाल लागला. निकाल न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिला. खंडपीठावर न्यायमूर्ती ए. वरदराजन होते, सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेले अनुसूचित जातीतले पहिले न्यायमूर्ती.

निकालाने काय दिले? पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारे कलम घटनाबाह्य ठरले. हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असे न्यायालयाने बजावले. संचालकाचा मनमानी अधिकारही रद्द झाला. हा विजय मोठा होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडलेली भूमिका आठवा. स्त्री कामगाराच्या मातृत्वाचा भार समाजाने, सरकारने आणि मालकानेही उचलायला हवा, हा त्यामागचा विचार होता. त्यानंतर अर्धशतक उलटले तरी एका सरकारी महामंडळाला गरोदर कर्मचारी नकोशी वाटत होती, आणि तिला कलम १४ चा आधार घेऊन उभे राहावे लागले.

पण त्याच निकालाने काय काढून घेतले, तेही प्रामाणिकपणे वाचू. पहिल्या चार वर्षांतली लग्नबंदी न्यायालयाने योग्य ठरवली, आणि कुटुंबनियोजनाला मदत होते हे त्याचे एक कारण सांगितले. निवृत्तीच्या वयातली तफावतही टिकली. आणि यामागचा मुख्य तर्क असा होता : हवाई सुंदरी आणि पुरुष पर्सर हे दोन वेगळे वर्ग आहेत. त्यांची भरती वेगळी, पात्रता वेगळी, वेतन वेगळे, बढतीची शिडी वेगळी. म्हणून समानतेचा प्रश्नच येत नाही. १९७६ चा समान वेतन कायदा होता, पण हा फरक लिंगावर आधारलेला नाही अशी अधिसूचना सरकारने १९७९ मध्येच काढून ठेवली होती. न्यायालयाने तिचाही आधार घेतला.

हा तर्क नीट तपासा. हे दोन वर्ग कोणी पाडले? मालकाने. वेगळी भरती, वेगळी शिडी कोणी लावली? मालकाने. आणि मग तेच वेगळेपण दाखवून म्हणायचे की हे मुळात वेगळेच आहेत, यांना समान कसे वागवायचे? आपल्याला हा युक्तिवाद नवा आहे का? आधी माणसाला विहिरीपासून दूर ठेवायचे, आणि मग तो दूर राहतो म्हणून तो वेगळा असे सांगायचे. विषमता स्वतःच पुरावा तयार करते आणि स्वतःच साक्ष देते. वरदराजन खंडपीठावर असूनही हा तर्क टिकला. म्हणजे खुर्चीवर आपला माणूस पोहोचणे अत्यावश्यक आहे, पण तेवढ्याने वाद जिंकला जात नाही. वर्गवारीलाच आव्हान द्यावे लागते.

खरी परीक्षा पुढे आली. १९८९ पासून सरकारी निर्देश बदलत गेले. निवृत्ती ५८ व्या वर्षी, पण उड्डाण आधी ४५ पर्यंत आणि १९९३ पासून ५० पर्यंत, त्यानंतर जमिनीवरचे काम. पुरुष मात्र ५८ पर्यंत उडत राही. हवाई कर्मचाऱ्याच्या कमाईत उड्डाणभत्त्यांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे जमिनीवर आणणे ही पगारकपातच होती. हवाई सुंदरींचा एक गट उच्च न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद असल्याचे मान्य केले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेले? कंपनी गेलीच, पण केबिन क्रूची मान्यताप्राप्त संघटनाही गेली! जुलै २००३ मध्ये यशस्विनी मर्चंट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. आधार होता संघटनेने केलेल्या करारांचा आणि बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या संमतीचा.

संघटनेची बाजूही सांगितली पाहिजे. अनेक हवाई सुंदरींना पन्नाशीनंतर उड्डाण नको होते, लवकर सुटका किंवा जमिनीवरची नोकरी हवी होती. त्यांची मागणी खोटी नव्हती. पण ज्यांना नको त्यांना पर्याय द्या, एवढे म्हटले असते तर भागले असते. एकीच्या सोयीसाठी दुसरीचा हक्क बंद का करायचा? मूलभूत हक्क करारात सोडून देता येत नाही. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात, आधी कबुली दिली म्हणून कोणी संविधानाने दिलेला हक्क गमावत नाही, असे याच न्यायालयाने सांगितले होते. स्वतःची कबुलीही जिथे बंधनकारक नाही, तिथे बहुमताने केलेली कबुली कशी चालेल?

संघटित बहुमत दुबळ्याचा प्रश्न गिळते, हे बाबासाहेबांनी मुंबईच्या गिरण्यांत पाहिले होते. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून विटाळ! पगारवाढीसाठी लढणारे कामगार पुढारी यावर गप्प राहत. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. विमानातली स्त्री आणि गिरणीतला अस्पृश्य यांचे दुःख एक नाही, पण त्यांना बाहेर ठेवण्याची रीत एकच आहे.

हवाई सुंदरी थांबल्या नाहीत. २००३ च्या डिसेंबरात सरकारने स्त्रियांवरची पन्नाशीची उड्डाणबंदी उठवली. २००५ मध्ये उड्डाण पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांना खुले झाले. त्याविरुद्ध पुरुष सहकारी न्यायालयात गेले, कारण स्त्रीच्या हाताखाली काम करावे लागणार होते! २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. साधी गोष्ट, पण त्यासाठी तीन दशके लागली.

आज हे का आठवायचे? जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनी आता 'राज्य' राहिली नाही, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या पगार-बढतीच्या जुन्या रिट याचिकाही तिच्याविरुद्ध चालणार नाहीत. म्हणजे नर्गेश मिर्झांनी ज्या कलम १४ ने दार ठोठावले, ते दारच भिंतीत गेले. खासगीकरणाने फक्त आरक्षण जाते असे समजू नका. मूलभूत हक्क मालकाविरुद्ध थेट मागण्याची वाटही जाते.

उरतो तो करार. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता म्हणते, एकापेक्षा जास्त संघटना असतील तर ५१ टक्के सदस्य असलेली संघटनाच वाटाघाटी करील. तशी नसेल तर परिषद बनेल, पण तिथेही २० टक्क्यांखालच्या संघटनेला जागा नाही. मग कंत्राटी सफाई कामगार, लोडर, नव्या मुदतबंद नोकरीतली मुलगी यांची बाजू कोण मांडणार?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, संघटनेत असाल तर मागणीपत्र तयार होतानाच तीन गोष्टी तपासा. एकाच कामाला दोन संवर्ग आणि दोन वेतनश्रेणी आहेत का? ज्यांच्या अटी ठरत आहेत त्यांचा प्रतिनिधी टेबलावर आहे का? आणि टक्केवारीच्या बदल्यात कोणाचा हक्क लिहून दिला जात आहे का? पगार पुढच्या करारात वाढवता येतो. लिहून दिलेला हक्क परत मिळवायला किती वर्षे लागतात, ते हवाई सुंदरींना विचारा.

जय भीम! जय संविधान!