विद्यापीठाचीं माणसें

विद्यापीठ म्हटलें कीं मनापुढें प्रथम उभी राहते ती इमारत. मुंबईकर गृहस्थाला तर राजाबाई मनोऱ्याचें उंच शिखर आठवल्यावांचून विद्यापीठ आठवतच नाहीं. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभारलेला आणि त्यांच्या मातोश्रींचें नांव धारण करणारा हा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. विद्यापीठ मात्र त्याच्या एकवीस वर्षें आधीं, १८ जुलै १८५७ रोजीं, जन्मास आलें होतें. त्या दिवशीं त्याच्यापाशीं मनोरा नव्हता, वर्ग नव्हते, शिकविणारे अध्यापकहि नव्हते. होतीं तीं केवळ माणसें.

हीं माणसें कोण? कायद्याचें उत्तर असें होतें कीं, कुलपति, कुलगुरु आणि फेलो मिळून जी मंडळी होते तेंच विद्यापीठ. मुंबईचे गव्हर्नर हे कुलपति. फेलोंमध्यें बहुसंख्य युरोपियन अधिकारी, आणि त्यांच्या जोडीला जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे थोडे एतद्देशीय. लंडन विद्यापीठाचा कित्ता समोर ठेवून या मंडळीनें परीक्षा घ्याव्या आणि पदव्या द्याव्या, एवढेंच तिचें काम. शिकविणें महाविद्यालयांकडे होतें. विद्यार्थी हा घटक या व्याख्येंत कोठेंच नव्हता. तो उमेदवार म्हणून दारांत यावयाचा आणि निकाल ऐकून परत जावयाचा.

परंतु मनुष्यसमाज कायद्याच्या व्याख्येंत फार दिवस मावत नाहीं. १८६२ सालीं चार तरुण बी. ए. झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. त्यांतील भांडारकर पुढें त्याच विद्यापीठाचे कुलगुरु झाले. ज्याची परीक्षा झाली तोच परीक्षा घेणारांचा प्रमुख झाला, आणि विद्यापीठाचें कुटुंब आंतून वाढूं लागलें. पुढें कॉर्नेलिया सोराबजी या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या आणि घराचें दुसरें दार उघडलें.

हें कुटुंब मुंबई-पुण्यापुरतें राहिलें काय, याचा शोध घ्यावयाचा तर उत्तरेच्या आगगाडीनें वैतरणेपलीकडे जावें लागतें. केळवें-माहीम, पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू हा समुद्रकांठचा मुलूख २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. त्या दिवसापासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मच्छिमारांचीं गांवें. पूर्वेस डोंगरउतारावर वारली व इतर आदिवासींचे पाडे. मुंबईहून हें अंतर कांहीं तासांचें. पण मनोऱ्याच्या घड्याळाचे ठोके पाड्यापर्यंत पोंचावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

किनाऱ्यावरील माहीम गांवीं १८९६ सालीं शंकर वामन दांडेकर जन्मास आले. महाराष्ट्र त्यांना सोनोपंत म्हणून ओळखतो. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत त्यांनीं तत्त्वज्ञान शिकविलें व पुढें ते त्याचे प्राचार्य झाले. सकाळीं वर्गांत पाश्चात्त्य तत्त्वज्ञ समजावून सांगणारा हा प्राध्यापक विष्णुबुवा जोगांचा शिष्य होता, आणि वारकऱ्यांपुढें कीर्तनाला उभा राहत असे. ज्याला अक्षरओळख नाहीं असा वारकरीहि त्यांचा श्रोता, आणि एम. ए. चा विद्यार्थीहि त्यांचा श्रोता. विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचा मनुष्य विद्यापीठाचा होऊं शकतो, हें त्यांच्या आयुष्यानें दाखविलें.

तथापि श्रोत्याला निदान कीर्तनापर्यंत चालत येतां येत होतें. ज्यांना तेंहि शक्य नव्हतें त्यांचें काय? हा प्रश्न १९४५ सालीं या मुलुखांत दोन निरनिराळ्या मार्गांनीं उभा राहिला, आणि दोन्हीं वेळां तो उभा करणारी स्त्री याच विद्यापीठाची पदवीधर होती.

पहिल्या गोदावरी परुळेकर. फर्ग्युसन महाविद्यालय त्या काळीं मुंबई विद्यापीठाला जोडलेलें होतें. तेथें त्या शिकल्या, आणि कायद्याची पदवीहि त्यांनीं मिळविली. १९४५ च्या मे महिन्यांत तलासरीकडील झरी येथें हजारों वारली जमले. वेठ बंद व्हावी, आणि लग्नाच्या कर्जापायीं नवराबायकोला सावकाराच्या घरीं राबविणारी लग्नगड्याची चाल मोडावी, असा तेथें निश्चय झाला. मजुरीची मागणी होती दिवसाला बारा आणे. ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच आदिवासी मरण पावले. या लढ्याची हकीगत गोदावरीबाईंनीं पुढें ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिली. त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

दुसऱ्या ताराबाई मोडक. १९१४ सालच्या या पदवीधर बाईंनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत बालशिक्षणाचें व्रत घेतलें, आणि १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. त्यांच्या साहाय्याला आल्या अनुताई वाघ. बालविधवा, शाळेंत शिक्षिका, रात्रीच्या शाळेंत शिकून मॅट्रिक झालेल्या. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें उमगलें तें असें, कीं मूल शाळेंत येत नाहीं याचें कारण आळस नव्हे. मोठ्या मुलाला धाकट्या भावंडाला सांभाळावयाचें असतें. त्याहून मोठ्याला गुरें राखावयाचीं असतात. तेव्हां बालवाडी पाड्याच्या अंगणांत गेली आणि अंगणवाडी झाली. शाळा चराईच्या रानांत गेली आणि कुरणशाळा झाली. विद्यापीठ उमेदवाराची वाट पाहत बसलें होतें. त्याच्या पदवीधर कन्येनें मुलाकडे चालत जाण्याचा मार्ग काढला.

आणि मग उलटहि घडलें. पाड्यांवर पंधरा वर्षें शिकविल्यानंतर, १९६१ सालीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं अनुताई बी. ए. झाल्या. ज्या विद्येवांचून त्यांचें काम अडलें नव्हतें, तिच्या दारांत त्या हौसेनें उमेदवार म्हणून बसल्या. पदवीनें त्यांना मोठेपण दिलें कीं त्यांनीं पदवीला, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

१९६९ सालीं तारापूरला भारताचें पहिलें अणुवीज केंद्र सुरू झालें. देशोदेशींच्या विद्यापीठांत शिकलेले शास्त्रज्ञ व अभियंते येथें आले. बोईसरभोंवतीं कारखाने उभे राहिले. पुढें नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांना आपली जागा सोडावी लागली. ज्ञानाची मोठी वास्तु शेजारीं उभी राहिली म्हणजे शेजाऱ्याला ज्ञान मिळतेंच असें नाहीं. कित्येकदां त्याला प्रथम घर द्यावें लागतें. त्या घराचा हिशेब विद्येच्या खात्यावर मांडला गेला पाहिजे, एवढें तरी विद्येनें मान्य करावें.

१९४९ मध्यें पुणें विद्यापीठ निराळें झालें, पण ठाणें जिल्हा मुंबईकडेच राहिला. त्यामुळें पुण्यांत आयुष्य वेंचलेल्या सोनोपंतांच्या नांवाचें पालघरचें महाविद्यालय आज मुंबई विद्यापीठाला जोडलेलें आहे. २०१३ पासून विरारपलीकडे डहाणूपर्यंत लोकलगाड्या धांवूं लागल्या, आणि पाठीला पिशवी अडकविलेलीं मुलेंमुली त्यांत दिसूं लागलीं. त्यांच्यापैकीं कोणाची आजी कदाचित् वेठीला राबली असेल, कोणी अंगणवाडींत पहिलें अक्षर गिरविलें असेल.

१८५७ च्या कायद्यानें विद्यापीठाचीं माणसें मोजलीं तीं सभागृहांतल्या खुर्च्यांवरून. पालघरचा इतिहास निराळी गणती सुचवितो. परीक्षेचे कागद वाटणारा पट्टेवाला, फीसाठीं दागिना गहाण टाकणारी आई, कुरणांत फळा टांगणारी शिक्षिका, आणि गुरें राखून सांजवेळीं पाटीवर अक्षर काढणारें मूल, हीं सर्व त्या गणतींत येतात. शेवटचें मूल तींत येईपर्यंत ती पुरी झाली असें म्हणतां येत नाहीं.